उगवतीपासून मावळतीपर्यंतची धार

एका राज्यात, जिथे शेवटच्या वेशीपुढे रस्ता संपून जंगल सुरू होत असे, तिथे भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, दानी होता, राणी मृणालवतीवर त्याचा जीव होता. खोट एकच होती. त्याला धीर नव्हता. आज आंब्याचे रोप लावले की उद्या माळ्याला विचारी, "मोहोर कुठे आहे?"

एका वर्षी त्याच्या मनाने घेतले की दरबारात लाकडी मंडप हवा. खांबाखांबावर हत्ती कोरलेले, एकूण एक हजार, आणि तेही दसऱ्याच्या आत. चाळीस सुतार कामाला लागले. राजा रोज पाहायला येई. पाहतो तो काय, कोणी ना कोणी पटाशी घेऊन दगडाशी बसलेला. थोडे कोरायचे, मग घासायचे. पुन्हा थोडे कोरायचे, पुन्हा घासायचे. राजाचे डोके फिरले.

"तुम्हाला लाकूड कोरायला ठेवले आहे की दगड झिजवायला?"

थोरला सुतार धोंडाजी हात जोडून म्हणाला, "महाराज, धार लावणे हे आमच्या कामातच मोडते."

"कामचुकारपणाला बरे नाव शोधलेस," राजा म्हणाला.

त्याच दिवशी दवंडी फिरली. राज्यातले धारेचे सगळे दगड गोळा झाले. सुतारांचे झाले, चांभारांचे झाले, न्हाव्यांचेही सुटले नाहीत. गाड्या भरभरून ते राजतलावात ओतले गेले. पुढे महिनाभर त्या राज्यातल्या पुरुषांच्या हनुवट्या पाहवत नव्हत्या, पण ते जाऊ द्या.

मंडपाला लाकूड कमी पडले. जंगलाच्या तोंडाशी एक जुना शिसव होता. बोथट कुऱ्हाडी घेऊन माणसे त्याच्यावर तुटून पडली. झाड तुटेना. मग ते ठेचले, पिळले, फाडले आणि ओढून आणले. ते झाड जटाई नावाच्या जादूगारणीचे होते. तिसऱ्या दिवशी जटाई भरदरबारात येऊन उभी राहिली. तिच्या केसांत पाने होती आणि ती सगळी वाळली होती.

"राजा, बोथट लोखंडाने माझे झाड फाडलेस. आता तुझे माणूस लाकडात राहील. जे लोखंड उगवतीपासून मावळतीपर्यंत धारदार राहील, तेच तिला बाहेर काढील."

एवढे बोलून ती निघून गेली. राजाने शेजारी पाहिले. राणीच्या आसनावर शिसवाचे खोड उभे होते. खोडाला तोंडाच्या उंचीवर अंगठा जाईल एवढे एक छिद्र होते, आणि त्यातून राणीचा श्वास ऐकू येत होता.

मग काय विचारता! जे लोखंड आपणहून दिवसभर धारदार राहील, त्याचा शोध सुरू झाला. सात समुद्रांपलीकडून तलवार आली. हिऱ्याच्या टोकाची पटाशी आली. आकाशातून पडलेल्या लोखंडाची कुऱ्हाड आली. सगळ्यांची गत एकच. सकाळी सपासप चालायची, दुपारी अडखळायची, आणि मग दिवसभरात जेवढे लाकूड निघाले त्याच्या दुप्पट डोळ्यांदेखत भरून यायचे. राजा ओरडे, "थांबू नका! थांबलात म्हणून लाकूड वाढते!" सुतार घाबरून आणखी जोराने घाव घालीत. लाकूड आणखी वाढे. जो हरला त्याची रवानगी तुरुंगात होई. महिन्याभरात चाळीसही सुतार आत गेले, आणि त्यांत म्हातारा धोंडाजीही होता.

छिद्र मात्र रोज बारीक होत होते. एक सुतारपक्षी पहाटे येऊन ते टोचून मोकळे करी, पण लाकूड त्याच्या चोचीला ऐकेना. अंगठ्याचे करंगळीएवढे झाले, करंगळीचे ज्वारीच्या दाण्याएवढे झाले.

धोंडाजीला एक मुलगी होती, म्हाळसा. चार कोसांवरच्या खेड्यात ती पाळणे आणि देव्हारे करी. वय चाळिशीचे, हात खरखरीत, आणि जीभ हातांच्या वरताण. बाप तुरुंगात गेल्याचे कळले तेव्हा तिने हत्यारांची गुंडाळी काखेला मारली आणि राजवाड्याची वाट धरली. त्या गुंडाळीत प्रत्येक हत्याराला वेगळा कप्पा होता. एकाचे पाते दुसऱ्याला लागत नसे.

राजाने तिला खोडापुढे उभे केले. "तुझ्याकडे कोणते लोखंड आहे?"

"साधेच आहे, महाराज. पाळण्याचे घोडे कोरते त्यानेच."

राजा हताश होऊन बाजूला झाला. म्हाळसाने छिद्राला तोंड लावले आणि जे आजवर कोणी विचारले नव्हते ते विचारले.

"राणीसाहेब, आत कसे वाटते?"

आतून बारीक आवाज आला. "सकाळी हत्यार चालते तेव्हा काहीच कळत नाही, बाई. केस विंचरल्यासारखे वाटते. मग ते बोथट होते, आणि लाकूड ओरबाडते. लाकूड कळवळले की भरून येते. त्याच्याबरोबर मीही कळवळते."

"मग महाराजांना का नाही सांगितलेत?"

"मी कण्हले असते, तर त्या गरिबांच्या माना गेल्या असत्या. तूही सांगू नकोस."

म्हाळसाच्या डोळ्यांत पाणी आले. ते पुसून ती अंगणात येऊन बसली. थांबल्याने लाकूड वाढत नव्हते. दुखल्याने वाढत होते. आता हवे होते ते जादूचे लोखंड नव्हते, हव्या होत्या तीन साध्या वस्तू. धारेचा दगड, धार गुळगुळीत करायचा कातडी पट्टा आणि गंज धरू न देणारे तेल. राज्यात दगड उरला नव्हता, आणि दगडावाचून पट्टे-तेले कोणी सांभाळली नव्हती.

वरून सुतारपक्षी म्हणाला, "बाई, मला तिन्ही ठाऊक आहेत. दगड तलावाच्या तळाशी, कासवाकडे. पट्टा काळ्या गुहेत, यक्षाकडे. तेल जटाईकडे. पण छिद्र उद्या राजगिऱ्याएवढे होईल, परवा खसखशीएवढे, तेरवा सुईच्या टोकाएवढे. त्यापुढच्या मावळतीला ते बुजेल."

"म्हणजे तीन दिवस आणायला आणि एक दिवस कोरायला," म्हाळसा म्हणाली. "पुष्कळ झाले."

पुष्कळ नव्हते. पण ती तसे म्हणाली.

पहिल्या दिवशी म्हाळसा तलावात उतरली. त्या तलावात माणसाला श्वास घेता येत असे, त्याचे तिथे कोणाला नवल नव्हते. तळाशी दगडांचा ढीग होता आणि ढिगावर घराएवढे कासव बसले होते.

"कासवबाबा, एक दगड द्या."

"आलीस ती गाळ ढवळीत आलीस," कासव म्हणाले. "पाणी निवळेपर्यंत हलायचे नाही. मग ने."

म्हाळसा बसली. थोड्या वेळाने तिच्या नाकावर मासा बसला, तिने हात झटकला, गाळ उठला. पुन्हा बसली. राणीचा श्वास आठवला, ती चुळबुळली, पुन्हा गाळ उठला. तिसऱ्यांदा तिने मनाशी म्हटले, घाई करून मी आणखी उशीर करते आहे. मग ती अशी बसली की मासे तिच्या केसांतून ये-जा करू लागले. पाणी काचेसारखे निवळले. ढिगात तिला बापाचा दगड दिसला. मध्ये किंचित खोलगट, कडेला धोंडाजीच्या अंगठ्याची झीज.

"हा," ती म्हणाली.

"जसा धीर धरलास तसाच हात धर," कासव म्हणाले. "पात्याचा उतार, म्हणजे धारेकडची तिरपी बाजू, दगडावर जसा टेकेल तसाच ठेवायचा, वर-खाली करायचा नाही. बाकीच्यांचे मी सांभाळतो. तुझ्या राजाला उपरती होईल तेव्हा मागून घे."

दुसऱ्या दिवशी ती काळ्या गुहेपाशी पोचली. गुहेत शापित खजिना होता, हजार तलवारींचा. जो तलवार उचली त्याचा हात कोपरापर्यंत गंजून जाई. असे दहाबारा वीर गुहेबाहेर बसून एकमेकांना आपापला गंज दाखवीत होते. म्हाळसा त्यांना ओलांडून आत गेली. रत्नजडित मुठींचा डोंगर लखलखत होता आणि खुंटीला रेड्याच्या कातड्याचा एक जुनाट पट्टा लटकत होता.

यक्ष गरजला, "मानवी, कोणती उचलणार?"

म्हाळसाने एका तलवारीच्या कडेवर अंगठ्याचे नख अलगद टेकवले. धार असली की ती नखात रुतते. ही घसरली. दुसरी घसरली. तिसरीही घसरली.

"एकही नाही. सगळ्या बोथट आहेत."

"बोथट? या तलवारींनी राज्ये जिंकली आहेत!"

"जिंकली असतील. पण आणल्या आणि एकीवर एक फेकल्या. लोखंडाला लोखंड आपटले की धार मोडते. यक्षबाबा, किती वर्षे राखण करता?"

"तीनशे."

"तीनशे वर्षांत एकदा तरी पुसल्यात का?"

यक्ष ओशाळला. "राखण कर, एवढेच सांगितले होते. पुसण्याचे कोणी बोलले नव्हते."

म्हाळसाने कपाळावर हात मारून घेतला. मग मोगरी काढली आणि भिंतीच्या फटींत लाकडी खुंट्या ठोकत सुटली. यक्ष एकेक तलवार पुसून एकेका खुंटीला अडकवू लागला, अशी की एकीचा स्पर्श दुसरीला होऊ नये. हजारावी तलवार खुंटीवर गेली तेव्हा बाहेर एकच आरोळी उठली. वीरांच्या हातांवरचा गंज सालीसारखा गळून पडला होता. आनंदाच्या भरात ते तलवारी न घेताच घरी पळाले, हे त्यांनी आयुष्यात केलेले सर्वात शहाणपणाचे काम.

यक्षाने पट्टा काढून तिच्या हातात दिला. "हा माझ्या आजोबांचा. तलवारींना तो हवा होता, हे मला आज कळले."

तिसऱ्या दिवशी म्हाळसा जंगलात शिरली. तोडलेल्या शिसवाच्या बुंध्यापाशी जटाई बसली होती. बुंधा कापलेला दिसत नव्हता, चावलेला दिसत होता. चिरफळ्यांत पावसाचे पाणी साचून कुजत होते. म्हाळसा खाली वाकली आणि तिचा जीव तुटला.

"आई, हे आमच्या हातांनी झाले."

"हातांनी झाले, हे कबूल करायला पहिली तूच आलीस," जटाई म्हणाली. "तेल हवे आहे ना? आधी हे नीट कर."

म्हाळसाने दगड पाण्याने भिजवला. पटाशीचा उतार त्यावर टेकवून ती सावकाश घासू लागली, पात्यामागे लोखंडाची केसासारखी बारीक लव बोटाला लागेपर्यंत. मग उलटी बाजू. मग पट्ट्यावर दहा ओढी, नेहमी मागे ओढीत, कारण पुढे ढकलली तर कातडेच कापले जाते. मग ती बुंध्याच्या चिरफळ्या एकेक करून तासू लागली. पन्नास घाव झाले की पट्टा. पाणी निथळून जाईल असा उतार दिला. संध्याकाळी बुंधा तळहातासारखा गुळगुळीत झाला, आणि जटाईच्या केसांतले एक वाळके पान हिरवे झाले.

जटाईने नारळाच्या करवंटीत तेल ओतून दिले. "शाप मला मागे घेता येत नाही. तो पुरा करावा लागतो. पण तो पुरा कसा करायचा, हे तुला आता माझ्याहून जास्त कळते."

चौथ्या दिवशी सूर्य उगवला. छिद्र सुईच्या टोकाएवढे होते. श्वास ऐकायला कान लाकडाला चिकटवावा लागे.

म्हाळसाने आधी ओल्या फडक्याने सगळे खोड पुसले. राजा कासावीस होऊन म्हणाला, "आता ही आंघोळ घालणार का?"

"सालीत वाळू असते, महाराज. एक कण धारेखाली आला तर अर्धा दिवस वाया."

मग तिने पटाशी लावली. पन्नास घाव. थांबली. पट्ट्यावर दहा ओढी. तेलाचा हलका हात. पन्नास घाव. थांबली. धार गेल्यावर ती थांबत नव्हती, धार जाण्याच्या आधीच थांबत होती. पट्टा पुरेनासा झाला की दगड. लाकडाच्या साली गोल वळून पायांशी पडत होत्या. कोरलेली जागा कोरलेलीच राही, एक तसूभरही भरून येत नव्हती.

पण राजाला ते दिसत नव्हते. त्याला दिसत होते ते तिचे थांबणे. दुपार झाली, सूर्य डोक्यावरून कलला, आणि त्याचा धीर सुटला.

"शिपाई! हिचा दगड काढून घ्या! माझी राणी गुदमरते आहे आणि ही पुन्हा घासत बसली आहे!"

शिपाई पुढे झाला. म्हाळसाने दगड पोटाशी धरला. एवढ्यात खोडातून, त्या सुईएवढ्या छिद्रातून, आवाज आला. बारीक, पण दरबारात सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"महाराज, तिला थांबू द्या. ती थांबते म्हणूनच मला दुखत नाही."

राजाने हाताने शिपायाला थांबवले. "म्हणजे आजवर... दुखत होते?"

"रोज."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्हाला सांगितले असते, तर तुम्ही आणखी घाई केली असती."

राजाने मुकुट काढून खाली ठेवला. पाहिले तर पट्टा नुसताच म्हाळसाच्या गुडघ्यावर पडला होता. तो ताणून धरायला कोणी नव्हते, म्हणून दर वेळी एक टोक पायाखाली दाबून तिची पाठ मोडत होती. राजा जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याने पट्ट्याचे टोक दोन्ही हातांनी धरले.

"असे?"

"आणखी ताणा, महाराज. सैल राहिला तर धार गोल होते."

राजाने ताणून धरला. पन्नास घाव झाले की म्हाळसा वळे आणि राजा पट्टा ताणून तयार असे. हळूहळू त्याला घाव मोजण्याचीही सवय लागली. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाची तरी वाट पाहत बसला होता आणि ओरडत नव्हता.

आधी राणीचा हात मोकळा झाला. मग कपाळ. मग दुसरा हात. सूर्य टेकडीपासून चार बोटे वर होता तेव्हा म्हाळसा थबकली. राणीच्या नाकातोंडापुढे लाकडाची गाठ होती, कवटीसारखी कठीण. छिद्र तिच्या मधोमध होते, आणि ते आता दिसत नव्हते. राणीचे मोकळे हात हवेत चाचपडू लागले.

"उचकट!" राजा ओरडला. "पटाशी आत घाल आणि उचकट!" आणि लगेच त्याने जीभ चावली.

म्हाळसाने गाठीवरून अंगठा फिरवला. एका झटक्यात गाठ निघाली असती. तिच्या मनात तो झटका आलाही. पण गाठीत उचकटलेल्या पटाशीचे टोक तुटते, आणि तुटलेले टोक राणीच्या तोंडाशीच घुसले असते.

"महाराज," ती म्हणाली, "पट्टा धरा."

राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्याने पट्टा धरला. ताणून धरला. एक, दोन, तीन, म्हाळसाने मोजून दहा ओढी ओढल्या. एकही कमी नाही. सूर्य टेकडीला टेकला. तिने पटाशी गाठीवर आडवी लावली आणि कागदाएवढी एक साल काढली. मग दुसरी. मग तिसरी. अकरावी साल वळून खाली पडली, आणि तिच्यामागे राणीचे ओठ होते.

राणीने श्वास घेतला. असा श्वास त्या दरबारात पूर्वी कोणी ऐकला नव्हता. मंडपावरचे कबुतर उडाले. सूर्य मावळला आणि उरलेले खोड आपोआप दोन फाकांत उघडून बाजूला पडले. राणी मृणालवती राजाच्या खांद्यावर मान टाकून हसत होती आणि रडत होती, आणि राजाला पट्टा हातातून सोडायचे भान नव्हते.

सुतारपक्षी वरून म्हणाला, "बरे झाले. माझी चोच दुखून आली होती." आणि महिनाभराने पहिल्यांदा सुखाने झोपला.

त्याच क्षणी जंगलात शिसवाच्या बुंध्याला कोंब फुटला. दुसऱ्या सकाळी राजा स्वतः तलावावर गेला आणि काठावर उभे राहून त्याने कासवाची माफी मागितली. कासवाने दगड काठाला आणून लावले. एकेक करून आणले, सगळा दिवस लावला, आणि राजा सगळा दिवस उभा राहिला.

तुरुंगाचे दार उघडले. चाळीस सुतार डोळे चोळीत उजेडात आले. धोंडाजी काठी टेकीत मुलीपाशी आला. त्याने राणीबद्दल विचारले नाही, राजाबद्दल विचारले नाही. तिच्या हातातली पटाशी घेतली आणि धारेवर अंगठ्याचे नख टेकवले. धार रुतली.

"बरी आहे," तो म्हणाला.

चाळीस वर्षांत बापाने केलेले हे पहिले कौतुक. गाठीपुढे न रडलेली म्हाळसा तिथे ढसाढसा रडली.

पुढे दूरदूरच्या राजांचे दूत आले, ते दिवसभर धारदार राहणारे जादूचे लोखंड पाहायला. म्हाळसा त्यांना पाळण्याचे घोडे कोरायची पटाशी दाखवी. दूत ती उलटसुलट करून पाहत आणि निराश होऊन परत जात. शेजारी जमिनीवर मांडी घालून राजा बसलेला असे, हातात पट्टा ताणून धरलेला. त्याच्याकडे कोणी नीट पाहिलेच नाही.

मंडपाला त्यानंतर सात वर्षे लागली. राजाने एकदाही विचारले नाही की हत्ती कुठवर आले. राणीचा श्वास जसा मोकळा झाला, तसा कथा ऐकणाऱ्यांचा आणि सांगणाऱ्याचाही होवो.